तान्हुबाईची एकच हरकत

मंडळी, ऐका! आख्यानाआधी एक प्रश्न टाकतो. घरात चोर शिरला. मालक जागाच होता, पण डोळे मिटून जप करत होता. चोर भांडी घेऊन गेला. आता पाप कुणाचं? मागचे आजोबा म्हणतायत, 'चोराचं!' कबूल. आणि जपाचं पुण्य? ते मालकाला मिळायचं का? ... हं. आता आजोबा टोपी सारखी करतायत! राहू द्या. उत्तर तान्हुबाई देईल.

देवनाळ नावाचं शहर. वस्ती चार लाख. नळाला पाणी पाचव्या दिवशी. लोक इतके सोशिक, की पाचव्या दिवशी खरंच पाणी आलं तर एकमेकांचं अभिनंदन करत!

तिथले महापौर दिगंबरराव. कचऱ्याचा अभ्यास करायला परदेशी गेले. बारा दिवस अभ्यास केला, आणि गोल्फ बघून परत आले! कचरा? तो होता तिथंच त्यांची वाट बघत होता.

आल्या आल्या म्हणाले, "शहराला पालिकेचं गोल्फ मैदान पाहिजे. नऊ भोकांचं!"

अहो, देवनाळच्या एकेका रस्त्यात नव्वद होती! ती बुजवायला माणूस मिळेना, आणि नवी पाडायला ठराव!

गोल्फ म्हणजे काय? हिरवंगार गवत, त्यात एक भोक. एक गृहस्थ काठीनं चेंडू लांब मारतो आणि मग त्याच्यामागं चालत जातो. चालायचंच होतं तर चेंडू कशाला, असं विचारू नका. प्रतिष्ठेचा खेळ आहे. माझं खेळाशी भांडण नाही, मंडळी! पण त्या गवताला पाणी लागतं रोज. माणसाला पाचव्या दिवशी — आणि गवताला रोज!

जागा कुठली काढली? परटांचा माळ! साठ एकर, मधे तळं. बावीस घरं त्या माळावर जगायची. सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या चादरी तिथं धुतल्या जायच्या, कडक उन्हात वाळायच्या. त्या बावीस घरांत थोरली तान्हुबाई. साठी उलटलेली, अक्षरशत्रू. पण उन्हाकडं बघून सांगायची, चादर किती वेळात वाळेल!

आता कायदा असा, की जागा घ्यायची तर नोटीस लावायची. तीस दिवस. ज्याची हरकत असेल त्यानं लेखी द्यायची. पालिकेनं नोटीस लावली. कुठं? देवळाच्या फळ्यावर! सगळं गाव जातं-येतं तिथं. कायदा पाळला!

चौथ्या दिवशी सप्ताहाची मंडळी आली. हातात पत्रक. माझ्यासारख्याच एका फेटेवाल्या बुवाचा हा एवढा फोटो! अध्यक्ष वामनअण्णा म्हणाले, "लावा मधोमध." "अण्णा, खाली सरकारी कागद आहे." "असू दे रे! देवाच्या कामाला सरकार आडवं येतंय का?"

आणि चिकटवायला खळ कुणी दिली? तान्हुबाईनं! दरसालची तिची सेवाच ती. कपड्याला घालायची खळ, जरा दाट शिजवून दिली. स्वतःच्या घरावरची नोटीस तिनं स्वतःच्या खळीनं झाकली हो! पुढं पंचवीस दिवस चार लाख लोकांनी त्या फळ्याला नमस्कार केला. वाचलं कुणी नाही!

सप्ताह संपला. फळा धुणं हीसुद्धा तिचीच सेवा. एकोणतिसाव्या दिवशी ती गरम पाणी घेऊन आली. बुवांचा फेटा निघाला, मिशा निघाल्या — आणि खालून नकाशा निघाला. अक्षर येत नव्हतं, पण तळ्याचा आकार कसा चुकेल? "गुरवदादा! हे तर आपलं तळं! काय लिवलंय?"

गुरवानं वाचलं. त्याचा आवाज खाली गेला. "माळ घेणार म्हणतायत, तान्हुबाई. हरकत द्यायला उद्याचा शेवटचा दिवस."

ती धावली वामनअण्णांकडं. अण्णा आडवे झालेले. "तान्हे, आठ दिवस अंग मोडून सेवा केली गं. आज नको."

"अण्णा, तुमच्या सह्या पायजेत. दोनशे टाळकरी हायेत तुमच्याकडं!"

"माळ तुमचा, हरकत तुमची. आम्ही मधे पडणं बरं दिसत नाही."

दारोदार फिरली. भाऊबंद म्हणाले, महापौरांच्या घरचे कपडे आपल्याकडं येतात, ते कशाला तोडा? साऱ्या शहराच्या तोंडाला कुलूप! शेवटी गुरवानं चार ओळी लिहून दिल्या, तिनं अंगठा उठवला.

सुनावणी झाली. खुर्चीत दिगंबरराव. म्हणाले, "आजी, गोल्फ म्हणजे काय, ठाऊक आहे का?"

"न्हाई साहेब. तुमच्या अंगातला सदरा कुठं वाळला, ते तुमास्नी ठावं हाय का?"

सभागृह हसलं. दिगंबररावही हसले. मग कागद उचलून म्हणाले, "चार लाख लोकांना विचारलं. हरकत आली एक. म्हणजे तीन लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव लोक आपल्या बाजूनं आहेत. मंजूर?"

"मंजूर! मंजूर!"

लबाडी? नाही हो! गणित बरोबर आहे! चूक दाखवा ना!

माळाला तारेचं कुंपण पडलं. बावीस घरं पांगली. दवाखान्यात चादरी आता जिन्याखाली वाळतात. ओलसर, वास मारणाऱ्या. त्यावर पहिल्यांदा कोण निजलं? वामनअण्णांची सून! बाळंतपणाला. अण्णा दवाखान्यात ओरडले, "असल्या चादरी? या गावात बोलणारं कुणी आहे की नाही?"

होती, अण्णा. एक होती. तुम्ही झोपला होतात!

कळलं, जपाचं पुण्य कुणाला मिळालं ते? हसू नका! देवनाळ लांब आहे म्हणून हसताय?

आज संध्याकाळी तुमच्या देवळात शिरताना मी फळ्यापाशी थांबलो. मधोमध माझा फोटो. छान आलाय. पण एक कोपरा उचलला होता, आणि त्याच्याखाली मला निळा शिक्का दिसला. 'हरकती व सूचना', आणि परवाची तारीख. पुढचं माझ्या फेट्याखाली आहे. कशाची नोटीस? मला ठाऊक नाही. आणि इथं बसलेल्या पाचशेंपैकी एकालाही ठाऊक नाही!

म्हणून आज आरती मागाहून, जयजयकार मागाहून. माझ्या पाया पडायला कुणी येऊ नका. गुरवबुवा, गरम पाण्याची कळशी आणा — खळ पक्की आहे. आणि ज्याला वाचता येतं, त्यानं पुढं व्हावं. फाडा माझं तोंड!