गीतांजली मॅडम आणि खुशीचे दात

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या डॉ. गीतांजली मॅडम, आणि सभागृहात जमलेल्या माझ्या स्नेह्यांनो,

मी नितेश, अभियांत्रिकीचा मास्तर. दंतवैद्यांच्या सभेत माझं काय काम? तर मॅडम दातांना तारा लावायच्या, आणि त्या तारेचा ताण दाताच्या मुळावर किती पडतो, ते मी संगणकावर मांडून दाखवायचो. अमरावतीत आमची ही जोडी अनेकांना विचित्र वाटायची. असो.

वरूडची खुशी मॅडमकडे आली. तिला हवाई सुंदरी व्हायचं होतं. पुढचे दात वाकडे. तिच्या स्कॅनवरून आम्ही संगणकावर जबड्याची प्रतिकृती केली. मुळं जन्मतःच आखूड निघाली. नेहमीचा जोर देताच पडद्यावर मुळांची टोकं लालभडक झाली, म्हणजे ताण धोक्याच्या पलीकडे. मॅडमनी तार सैलच लावायचं ठरवलं. म्हणाल्या, "खुशी, हळूहळू जाऊ. घाई केली तर मुळं विरघळतील."

"मॅडम, निवड उन्हाळ्यात हाय. थांबून मी का करू?"

तिची आई मैनाबाई पडद्याकडे पाहत राहिल्या. "बाई, पोरीचे दात तं ठणठणीत हायेत. हे लाल कॉम्प्युटरलेच कावून दिसते, मले कावून नाई दिसत?"

मॅडमनी परोपरीनं समजावलं. त्या मायलेकी अकोल्याला दुसऱ्या कुणाकडे गेल्या. तिथं घट्ट तार बसली. उन्हाळ्यापर्यंत दात सरळ झाले, खुशीची निवडही झाली. ती पेढे घेऊन आली. मॅडमनी तिच्या दाताला बोट लावलं. दात हलला. पेढा त्यांच्या हातातच राहिला.

पुढं ते दात काढावेच लागले. खुशी कवळी लावून प्रशिक्षणाला गेली. सगळ्यांसमोर विमानातली घोषणा म्हणून दाखवताना कवळी निसटली. कुणी हसलंही असेल. ती वरूडला परतली ती परतलीच.

त्यानंतर मॅडमनी नवी प्रतिकृती केली नाही. मी आग्रह केला, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "नितेश, आधी कळूनही अडवता येत नसेल, तर कळून काय करायचं?" सभागृहात इतके विद्वान बसले आहेत. आहे कुणाकडे उत्तर? निवृत्तीच्या मुदतीआधीच त्यांनी राजीनामा दिला.

आजच्या कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला मी वरूडला फोन केला. मैनाबाई बोलल्या, "खुशी आता कुटीच येत-जात नाई, सर. घरातबी तोंडावर ओढणी घेऊन रायते. पन मॅडमले सांगा, तिनं राग नाई धरला."

मघाशी जिन्यात मी हा निरोप मॅडमना दिला. त्या कठड्याला धरून थांबल्या. म्हणाल्या, "धरला असता तर बरं झालं असतं रे."

अशा प्रसंगी गोड बोलायची रीत आहे. मला ती आज जमली नाही, सांभाळून घ्या. आयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. मॅडम, तुम्हाला थांबा म्हणण्याचा धीर माझ्यात नाही. सांभाळून जा.