स्टँडबायला गेलेला ॲम्प्लिफायर

अरे, आमच्या शेळगावच्या दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, जयंतीसाठी घरीच ॲम्प्लिफायर बनवला होता. गाणं रंगात आलं की लाल दिवा लागायचा आणि मशीन आवाज बंद करून स्टँडबायला जायचं.

दाजींनी झाकण उघडलं. मी म्हणालो, "दाजी, आधी प्लग काढा."

"आरं, झोपलंय ते. आत करंट न्हाय," म्हणत त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर आत घातला.

फाडकन ठिणगी उडाली आणि दाजी उताणे पडले. मी प्लग उपटला, त्यांना गदागदा हलवलं. डोळे उघडेनात. चुलीपुढची अक्का धावत आली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रडायला लागली.

बऱ्याच वेळानं दाजींचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"तुझ्या अक्काला," दाजी डोळे मिटूनच पुटपुटले, "यातलं काय बी सांगू नगं."