वरचा दिवा

लेम्पी : म्हणजे आजही एकावर एक?

आर्विड : एकावर एक. खालचा धक्क्यावर, वरचा तुझ्या माळ्यावर. रेघ ओढल्यासारखे. बूट काढू का दाराशी? ओले आहेत.

लेम्पी : काढ. मार्लीननं सकाळीच जमीन पुसलीय, उगाच बोलणी खाशील.

मार्लीन : मी काही बोलत नाही, आर्विडकाका. बसा. कप सगळे खोक्यात गेले. बशीच मिळेल.

आर्विड : मला बशीच लागते. साखरेचा खडा तेवढा दे, पोरी.

लेम्पी : दातात खडा धरून बशीतून कॉफी पिणारा या किनाऱ्यावर आता हा एकटाच. दात किती उरलेत ते विचारू नकोस.

आर्विड : खडा धरायला पुरतात. वेलदोड्याचा पाव केलेला दिसतोय. वास येतोय.

लेम्पी : नाक शाबूत आहे म्हणायचं.

मार्लीन : मावशी, हे 'एकावर एक' काय आहे? मी आल्यापासून रोज ऐकतेय. काका दारात येतात, मासे पायरीवर ठेवतात आणि तेवढंच म्हणतात. नमस्कार नाही, काही नाही.

लेम्पी : तोच नमस्कार. माझे बाबा दिवा सांभाळायचे तेव्हापासूनचा. अगं, दोन दिवे होते. एक धक्क्यावर, पाण्याशी. दुसरा मागे उंचावर, या घराच्या डोक्यावर. बाहेरून येणाऱ्याला दोन्ही एकमेकांवर उभे दिसले की तो बरोबर वाटेत आहे. वरचा उजवीकडे सरकला की समजायचं, आपण उजवीकडे गेलो. मग बोट डावीकडे घ्यायची. दोन्ही अंगांना खडक आहेत ना. काळा खडक तर अंधारात तोंड लपवून बसतो. म्हणून धक्क्याला लागला की प्रत्येक जण वर बघून ओरडायचा, "एकावर एक!" म्हणजे तुमचा दिवा बघितला, सुखरूप पोचलो. आई खिडकीतून हात हलवायची. मगच स्टोव्हवर कॉफी चढायची.

मार्लीन : पण वरचा दिवा तर सरकारनं कधीच बंद केला.

लेम्पी : भिंग नेलं. केवढं सुंदर होतं ते. दिवसा त्याच्यावर पडदा ओढायला लागायचा, नाहीतर ऊन त्यातून आत शिरून घर पेटलं असतं. तुझी आई आणि मी पडद्याआड बसायचो. आत सगळी भिंत इंद्रधनुष्यानं भरायची, आमच्या हातांवर, फ्रॉकवर, तुझ्या आईच्या पिवळ्या केसांवर. पाण्याच्या आत बसल्यासारखं वाटायचं. बाबा खालून हाक मारायचे, आणि आम्हाला ती फार लांबून यायची.

आर्विड : भिंग नेलं, पण तुझ्या मावशीनं दुसऱ्या दिवशी साधा बल्ब लावला. तेव्हापासून चाललंय. सरकारला पत्ता नाही.

लेम्पी : डिसेंबरात बर्फ धरलं की बंद, एप्रिलात बर्फ फुटलं की सुरू. बाबांच्या वेळी होतं तसंच.

आर्विड : पाव दे आणखी एक.

लेम्पी : घे. आर्विड, आज वरचा जरा मंद नव्हता वाटत?

आर्विड : छे. लख्ख.

लेम्पी : लख्ख.

आर्विड : म्हटलं ना. काय झालं?

लेम्पी : एप्रिलात, बर्फ फुटलं त्याच आठवड्यात, तो बल्ब गेला. मी काही वर चढू शकले नाही. गुडघा वळत नाही माझा. तेव्हापासून माळ्यावर अंधार आहे.

मार्लीन : मावशी! एप्रिलपासून? मला सांगितलं का नाहीस?

लेम्पी : तू त्याच आठवड्यात गाडी घेऊन आली असतीस. "मावशीला जिना चढवत नाही, चला माझ्याकडे शहरात, डुलुथला." एक उन्हाळा तरी मिळाला मला.

आर्विड : मी म्हटलं, उगाच कशाला बोलायचं. तुला वाईट वाटलं असतं.

लेम्पी : मलाही तसंच वाटलं. सगळा उन्हाळा मी मनात म्हणत होते, किती समजूतदार आहे हा माणूस. दिवा नाही हे दिसतंय, तरी माझं मन राखतोय. मे महिन्यात तर तुझ्यासाठी जास्तीचा पाव करत होते त्यापायी.

आर्विड : मग बिघडलं कुठं?

लेम्पी : मागच्या आठवड्यात वाऱ्यानं तारा तुटल्या. आठवतं? धक्क्यावरचाही दिवा गेला. किनाऱ्यावर एक काडी पेटलेली नव्हती. मी इथं खिडकीशी हात बांधून उभी होते. आणि तू दारात येऊन काय म्हणालास?

मार्लीन : काका, कॉफी सांडतेय.

लेम्पी : सांडू दे. काय म्हणालास?

आर्विड : जिभेला सवय आहे.

लेम्पी : किती दिवस झाले दिसत नाही?

आर्विड : दिसतं. दिसत नाही असं नाही. सगळ्यावर दूध सांडल्यासारखं दिसतं. तू आहेस तिथं काहीतरी निळं आहे. ही पोरगी उभी आहे, तेवढं कळतं. दिवे गेल्या वर्षापासून नाहीत. दोन्ही नाहीत.

मार्लीन : आणि तुम्ही रोज बोट घेऊन जाता? सुपीरियरसारख्या अफाट सरोवरावर? तळ्यात होडी फिरवावी तसे?

आर्विड : जाळी ओढायला डोळे लागत नाहीत, हात लागतात.

मार्लीन : आणि परत यायला?

आर्विड : होकायंत्र आहे. मोठं आहे, नाक लावलं की दिसतं. जवळ आलो की इंजिनाचा आवाज काळ्या खडकावर आपटून परत येतो. तो डाव्या कानात ठेवायचा. आणि मग धूर.

लेम्पी : कसला धूर?

आर्विड : तुझ्या चुलीचा. संध्याकाळी वारा जमिनीवरून पाण्याकडे सुटतो. गावात सगळ्यांनी तेलाच्या शेगड्या घेतल्या, बर्चची लाकडं तूच जाळतेस. आधी नुसता ओल्या वाळूचा वास येतो. मग बर्च. बर्च आला की समोर वाट आहे.

लेम्पी : म्हणजे मी वर्षभर दिव्यासाठी जीव टाकतेय, आणि तू चुलीवर येतोस.

आर्विड : पावाच्या दिवशी सोपं जातं.

लेम्पी : हसू नकोस. वारा फिरला तर?

आर्विड : तर बाहेर थांबतो. वास येईपर्यंत.

लेम्पी : मागं एका बुधवारी तुला एवढा उशीर झाला तो म्हणूनच. आणि मला सांगितलंस इंजिन रुसलं. रविवारी मी हिच्याबरोबर डुलुथला कायमची जातेय, आर्विड. ही चूल विझणार. मग काय हुंगत येशील?

मार्लीन : मावशी, हळू.

लेम्पी : हळू काय? या किनाऱ्याला येणारी ही शेवटची बोट आहे. बाबांनी सगळ्या आत आणल्या. मी जाता जाता हिला बाहेर ठेवून जाऊ? बोट वर ओढ. उद्याच. मला शब्द दे.

आर्विड : देतो. पण उद्या नाही. हेरिंग माशांची जाळी अजून पाण्यात आहेत.

मार्लीन : जाळ्यांचं काय एवढं? राहू देत.

आर्विड : राहू देत? जाळं मरत नाही, पोरी. आपण घरी झोपलो तरी ते मासे धरत राहतं. मासे त्यातच कुजतात, मग त्यांच्यावर दुसरे येतात. पाण्यात जाळं टाकून निघून गेलेल्या माणसाशी माझा बाप बोलत नसे. परवा वायव्येचं वादळ येतंय. काढायचं तर उद्याच.

मार्लीन : मग सकाळी जा. उजेडात.

आर्विड : सकाळी वारा असतो. आणि उन्हात तर मी पुरता आंधळा. पाणी सगळं पांढरं पेटतं. दुपारी निघायचं, परतेपर्यंत अंधारणारच.

लेम्पी : मी येते.

मार्लीन : काय?

लेम्पी : त्याचे हात, माझे डोळे. मला अजून सुईत दोरा ओवता येतो.

मार्लीन : आत्ताच म्हणालीस गुडघा वळत नाही.

लेम्पी : गुडघ्यानं चढता येत नाही. बसता येतं. बोटीत बसायचंच तर असतं.

आर्विड : बाईमाणूस बोटीत नको. माझा बाप म्हणायचा...

लेम्पी : तुझा बाप रमच्या बाटलीला बोटीत नेत होता, तिची अडचण नव्हती त्याला.

मार्लीन : मी माझ्या आईला वचन दिलंय की तुझी काळजी घेईन. बुडू देईन असं नाही दिलं.

लेम्पी : मग काळजी घे. वर चढ आणि बल्ब लाव. खोक्यात आहे, काट्याचमच्यांच्या खाली. चार वाजता दोन्हीकडचे पडदे पूर्ण बाजूला सार. काच आतून पूस, आणि फडक्यानं नाही, वर्तमानपत्राच्या कागदानं. फडक्याचे धागे राहतात. खाली सौनाची वाफेची खोली तापवून ठेव, बर्चचीच लाकडं घाल. आम्ही गारठून येऊ.

मार्लीन : एवढंच?

लेम्पी : एवढंच. माझ्या आईनं जन्मभर एवढंच केलं.

आर्विड : लोकरीचे मोजे दोन-दोन घाल, लेम्पी. आणि दुपारी वाट बघायला लावू नकोस.

(दुसऱ्या दिवशी, दिवस बुडाल्यावर, बोटीत.)

आर्विड : थंडी वाजतेय?

लेम्पी : नाही. किती शांत आहे. मघाशी सूर्य गेला तेव्हा वर कुठं आणि खाली कुठं तेच कळेना. मला वाटलं आपण आभाळात जाळी काढतोय.

आर्विड : मासे वजनाला खरे आहेत. तेवढं पुरे. किनारा दिसतो का?

लेम्पी : काळी पट्टी दिसते. घर कुठं आहे?

आर्विड : मला विचारतेस?

लेम्पी : आर्विड, तुला एक गंमत सांगू? मी आजवर या वेळी पाण्यावर आलेच नाही. बोटी बाहेर असल्या की आम्ही वर. बोटी आल्या की निजायचं. इकडून ते कसं दिसतं, मला माहीतच नाही.

आर्विड : खरं?

लेम्पी : एकदाही नाही. एक दिसला. खाली, उघडझाप करतोय. धक्क्यावरचा.

आर्विड : आणि वरचा?

लेम्पी : वरचा नाही. मार्लीन विसरली बहुतेक... थांब. लागला. अगबाई.

आर्विड : काय झालं?

लेम्पी : केवढासा आहे. मोहरीएवढा. मला वाटायचं, इकडून कंदिलाएवढा तरी दिसत असेल.

आर्विड : मोठा काय करायचाय. असला म्हणजे झालं. उभे कसे आहेत ते सांग.

लेम्पी : वरचा उजवीकडे झुकलाय.

आर्विड : म्हणजे आपण उजवीकडे आलो. हे घे, डावीकडे. आता?

लेम्पी : अजून थोडं. अरे, विझला. नाही, आला परत. परत गेला.

आर्विड : मार्लीन दिव्यासमोरून जात असेल. काच पुसतेय.

लेम्पी : आम्हाला बाबा फार ओरडायचे त्यावरून. दिव्यासमोर नाचू नका म्हणायचे. इकडे कुणाला दिसतंय, असं आम्हाला वाटायचं.

आर्विड : दिसायचं. तुझी बहीण धावायची, तेव्हा एकदा फटकन जायचा. तू गेलीस की सावकाश मिटायचा, सावकाश उघडायचा. वेणी घालत असायचीस बहुतेक. बोटीवर बाप म्हणायचा, दिवा खराब झाला वाटतं. मी काही बोलायचो नाही.

लेम्पी : हे कधी सांगितलं नाहीस.

आर्विड : धक्क्यावर आलो की 'एकावर एक' म्हणत होतो ना. दिवे कसे आहेत?

लेम्पी : सरकतायत. वरचा आला आत. अजून जरासा. हं. आता. एकावर एक.

आर्विड : नक्की?

लेम्पी : रेघ ओढल्यासारखे. आर्विड, इंजिन जरा कमी कर.

आर्विड : का? खडक जवळ आला?

लेम्पी : नाही. मला बघायचंय.

आर्विड : बघ. पण मोठ्यानं बघ. मला ऐकू येईल असं.