पत्र्यावरची जपानी अक्षरं

(पंचवटीतला सायबर कॅफे, २००३)

तृप्ती : मावशी, अहो, हे ग्रीस लागलेलं झाकण टेबलावर कुठं ठेवताय! लोक इथं इंटरनेटवर बसायला येतात.

कुसाबाई : मग मीबी त्यालाच आले. टिलरचं हाय, माती उकरायच्या मशीनचं. जुनं, जपानी. कुंभमेळ्यात झेंडू विकले, त्या पैशात घेतलं. ह्यावर काय लिवलंय तेवढं वाच.

तृप्ती : मला कुठं जपानी येतं! आणि हवंय कशाला?

कुसाबाई : वावरात मीच चालवते. पुढं जाताना पाती झकास फिरतात. मागं घेतलं की बंद. लहानू मिस्त्री म्हणतो, बिघाड हाय, आतला खटका कापून टाकू. दुपारी यायचाय. म्हटलं, आधी लिवलेलं कळू दे.

तृप्ती : थांबा, एक साईट आहे. अक्षरात किती रेघा ते टाकलं की तेवढ्या रेघांची सगळी अक्षरं दाखवते. त्यातून आपलं शोधायचं.

कुसाबाई : मग हे घे, चौकोनात चौकोन. सोपं हाय.

तृप्ती : चार नि चार आठ. ... नाहीये यात.

कुसाबाई : नीट बघ की.

तृप्ती : बघितलं. एक मिनिट, चौकोन कसा काढतात ते इथं दाखवलंय. अय्या! वरची आणि उजवीकडची रेघ हात न उचलता एकदमच काढतात.

कुसाबाई : म्हंजी एका चौकोनाच्या तीनच. सहा टाक.

तृप्ती : सापडलं! 'फिरणे'. शेजारच्याचाही अर्थ तोच आहे.

कुसाबाई : पात्यांचंच हाय! आता हे शिडीसारखं. डोक्यावर तिरकी काडी असलेलं.

तृप्ती : 'स्वतः'. त्यापुढचं 'हलणे'. दोन्ही जोडून टाकते... 'आपोआप'. आणि शेवटची दोन्ही 'थांबणे'.

कुसाबाई : फिरणं आपोआप थांबतं. मग ह्याला बिघाड कसा म्हणायचा? कधी थांबतं, ते लिवलंय का?

तृप्ती : सुरुवातीची तीन राहिलीत. लाईन स्लो आहे हो आज. हं. पहिलं 'मागे'. दुसरं 'पुढे जाणे'.

कुसाबाई : मागं का पुढं? काय ते एक सांग म्हणावं.

तृप्ती : जोडलं की एकच शब्द होतो. 'मागे जाणे'. आणि तिसरं 'वेळ'.

कुसाबाई : मागं जायच्या वेळेला.

तृप्ती : मावशी, मागं घेताना मशीन कुणाकडं येतं?

कुसाबाई : माझ्याकडं. मी मागंच असते ना, दांड्या धरून.

तृप्ती : आणि पाती फिरत असली तर?

कुसाबाई : ... फोन दे इकडं.

तृप्ती : घ्या. आधी शून्य लावा.

कुसाबाई : अहो, मी बोलतेय. लहानू आला का? ... मग मशीनपासून उठवा त्याला. पान्हा खाली ठेवायला लावा. ... नाय, बिघडलेलं नाय. बनवणाऱ्यानं मुद्दाम केलंय तसं, चालवणाऱ्याचे पाय जाऊ नयेत म्हणून. ... कुणी सांगितलं म्हंजी? मी वाचलं.