सव्वीस मुलींची तहान

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. सप्ताहात आपण आल्यागेल्याच्या हातात पाण्याचा पेला देतो. आणि त्याच गावातलं लेकरू आपल्याच पायी रोज तहानलेलं राहत असेल, तर त्या पुण्याचं करायचं काय? लगेच माना डोलवू नका. आधी ऐका.

एक गाव होतं. नाव सांगत नाही — उगाच तिथून आलेल्या पाहुण्यांकडे बघाल. त्या गावात रंभाजीअण्णा टेकाळे. देवळाचे कारभारी आणि शाळेच्या समितीचेही अध्यक्ष. माणूस सरळ. पहाटे काकडा चुकवायचा नाही, कुणाला उलट बोलायचा नाही.

सप्ताह आठ दिवसांवर आला म्हणून अण्णा सकाळी शाळेत गेले. मंडपाच्या सतरंज्या शाळेत ठेवलेल्या असायच्या. प्रार्थना चालली होती. सातवीतली कार्तिकी उभ्या उभ्या कोसळली. बाई धावल्या. पोरगी तापानं फणफणलेली. अण्णांनी बाईंना आणि तिला एका रिक्षात घातलं, स्वतः पुढं बसले, थेट दवाखाना.

रत्नमाला सिस्टरनी तपासलं. विचारलं, "बाळ, पाणी कधी प्यालीस?"

"काल संध्याकाळी."

"आज सकाळपासून नाही? का गं?"

पोरीनं अण्णांकडे बघितलं आणि मान खाली घातली. सिस्टर म्हणाल्या, "अण्णा, जरा बाहेर थांबा."

अण्णा पडद्याबाहेर उभे राहिले. पण पडदा तो, भिंत नव्हे. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"पाणी प्यालं की जावं लागतं, सिस्टर. शाळेतल्या संडासाला कुलूप आहे. मुलं भिंतीमागं जातात. आम्ही कुठं जायचं? म्हणून आम्ही ठरवलंय, शाळा सुटेपर्यंत प्यायचंच नाही."

"आम्ही म्हणजे किती जणी?"

"सव्वीस."

"कधीपासून?"

"पाचवीत आल्यापासून."

"लघवीला जळजळ होते?"

"सगळ्यांनाच होते की. तशीच असते ना ती?"

मंडळी, माना डोलवत होतात ना मघाशी? आता डोलवा.

अण्णांचा हात कमरेला गेला. करदोट्याला किल्ली होती. त्याच कुलपाची! दोन वर्षांपूर्वी संडास बांधले, नळ काही आला नाही. नळ नाही म्हणून वापर नाही, वापर नाही म्हणून अण्णांनी आत मंडपाच्या सतरंज्या रचल्या आणि कुलूप घातलं. वाईट हेतू? तिळभर नाही. फक्त सव्वीस मुली दिवसभर जातात कुठं, हे दोन वर्षांत मनातही आलं नाही.

त्यांना बाकड्यावर बसवेना. तहान लागली होती, पण समोरच्या माठाकडे हात जाईना.

संध्याकाळी देवळात सप्ताहाची बैठक. अण्णा उभे राहिले आणि पडद्यामागचं सगळं सांगितलं. पोरीचं नाव तेवढं घेतलं नाही. एक जण पुटपुटला, "अण्णा, देवासमोर असलं बोलायचं?"

अण्णा म्हणाले, "कुलूप घालताना मी देवाला विचारलं नव्हतं. आता कबूल तरी त्याच्यासमोर करू द्या."

बायकांच्या बाजूनं द्वारकाबाई बोलल्या, बचत गटाच्या. "माझी नात त्या सव्विसांतली असेल. घरी कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही."

सतरंज्या दुसऱ्याच दिवशी निघाल्या. देवळाच्या बोअरमधून शाळेपर्यंत पाइप पोरांनी पुरला. साफसफाईची पाळी गावानं घराघराला लावून घेतली, पहिली अण्णांची. सिस्टर दर मंगळवारी शाळेत येऊ लागल्या. बाईंनी तो तास मोकळा ठेवला. सिस्टरनी मुलींना विचारलं, "आणखी काय हवं?" मुली म्हणाल्या, "आतून कडी." दाराला कडी फक्त बाहेरून होती. बांधणाऱ्यालाही सुचलं नव्हतं, बघणाऱ्यालाही नाही.

कडी लागली. तरी पहिल्या दिवशी एकही मुलगी पाणी प्याली नाही. विश्वास कसा बसावा? तिसऱ्या दिवशी बाई वर्गात सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी प्याल्या, उठून गेल्या, परत आल्या. मग कार्तिकी उठली. माठाचं झाकण काढलं आणि उभ्यानं दोन पेले प्याली.

झालं आख्यान. आता आयांनो, तुम्हाला विचारतो. लेक शाळेतून आली की आधी दप्तर ठेवते, की दप्तरासकट मोरीकडे पळते?

बघा, किती जणींचा पदर तोंडाला गेला.

टाळकरी, टाळ खाली ठेवा. शाळा इथून हाकेच्या अंतरावर आहे, अजून उजेड आहे. चला बघून येऊ. आरती परत आल्यावर करू. तोवर देव थांबेल.