फणसावरचा पट्टा

तुम्हाला सांगते, परदेशात शिकून गावी, मसुऱ्याला परतले तेव्हा वाटलं होतं, झाडावर बसताना कमरेला बांधायचा पट्टा आणला तर काका हसतील. उलट तो त्यांना फारच आवडला.

भातात रानडुकरं शिरतात, म्हणून काका लायसनची बंदूक घेऊन फणसावर बांधलेल्या माळ्यावर बसतात. चांगलं पंधरा फूट उंच. मी अर्धा तास समजावलं. काकांनी मान डोलावली आणि संध्याकाळी वर चढून त्या पट्ट्याने बंदूक फांदीला बांधली.

"काका, पट्टा तुमच्यासाठी आहे!"

"गो बाय, माझा हाड मोडला तर जुळात. बंदूक पडान मोडली तर लायसन परत कोण देतलो?"

तासाभरात माळ्याची फळी सरकली आणि काका खाली आले. पाय मोडला. शेजारी धावत आले आणि त्यांनी पहिलं विचारलं, "बंदूक खंय आसा?"

"वर आसा. बरी आसा," काका कण्हत, पण अभिमानाने म्हणाले.

"पट्टो बरो आसा हां," शेजारी मला म्हणाले, "माझ्या बंदुकीक पण एक मागय गो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, जनजागृती बंद. आता गावात सरकारचा नवा नियम सांगायचा: लायसनदार झाडाला बांधलेला नसेल, तर बंदूक जप्त.