शांतोबांच्या दुरुस्त्या

— नाही नाही, बोलू नका! चेहऱ्यावरचा पॅक तडकतो. हसायचंही नाही. तुम्ही नुसतं पडून राहा, बोलायचं काम माझ्याकडे. तर काय सांगत होते — हां, माझा ब्लॉग चोरीला गेला. छत्री जाते, चप्पल जाते, ब्लॉग कसा जाईल, असं मलाही वाटायचं. गेला, तोही माझ्याच हाताने. मेल आला — तुमचा ब्लॉग उत्कृष्ट ब्लॉगांत निवडला गेलाय, प्रशस्तिपत्रकासाठी इथे पासवर्ड टाका. टाकला! कोणी निवडला, कशासाठी निवडला, विचारलं का? छे! हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्या फोटोशेजारी ऑनलाइन पत्त्यांचा जुगार आणि गुडघेदुखीचा पट्टा! आमच्या एका जुन्या गिऱ्हाईकबाईंचा फोन — ताई, पट्टा एकावर एक फुकट आहे का?

मान सरळ ठेवा, काकडी घसरतेय डोळ्यांवरची. काय लिहायचे म्हणता? इथलंच हो — केस, कातडी, माणसं. आणि थोडं घरचं. घरचं म्हणजे आमचे शांतोबा. नवरा. आहे अजून, कागदोपत्री आहे. मी इथं दुकानाच्या वरच्या खोलीत, ते जुन्या घरी. भांडण कसलं, भांडायला समोरचा बोलावा लागतो! दोन्ही बाजूंनी मीच भांडायचे. 'भाजी खारट झालीय ना?' — ते जेवत राहायचे. 'ऐकताय ना?' — ते पेपर उलटायचे. एक दिवस म्हटलं, 'मी जातेय' — तर उठले आणि माळ्यावरची बॅग उतरवून दिली. वर पुसूनसुद्धा दिली! आता यातून माणसानं काय समजायचं? गेले मी.

तर ब्लॉग. तो परत मिळवायचा तर कंपनी म्हणते, तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर कोड पाठवलाय. नोंदवलेला नंबर कुठला? जुन्या घरच्या मोबाइलचा, जो आता यांच्याकडे! अडला हरी गाढवाचे पाय धरी — केला फोन. म्हटलं, आकडे आलेत ते वाचा, लवकर, कोड फार टिकत नाही. चष्मा शोधण्यात पहिला कोड गेला. दुसरा मागवला. मग वाचले, एकेक आकडा, सावकाश. इतकं सलग ते माझ्याशी कधी बोलले नव्हते, आणि बोलले ते आकडे! असो. चोराला हाकललं, पासवर्ड बदलला, आत बघते — सगळं साफ. माझी एक ओळ ठेवली नव्हती मेल्यानं. फार रडले हो. दिवसभर कापलेले केस मी संध्याकाळी झाडून टाकते, मागे राहणारं असं माझं काय असतं सांगा? एवढंच होतं.

ब्लॉग रिकामा दिसला असणार, तर यांचा मेसेज — 'माझ्याकडे आहेत.' काय आहेत? 'सगळ्या.' म्हणजे काय, नवी पोस्ट टाकली की ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांना आपोआप मेलने जाते ना, तर यांनी पहिल्यापासून नोंदवलेलं! नोंदवलेल्यांत एक नेमाने वाचणारा दिसायचा, तो कोणीतरी मोठा रसिक असेल अशी माझी समजूत. मी ज्याची उणीदुणी काढत होते तोच पहिल्या बाकावर बसून ऐकत होता! आता रोज एक पोस्ट पाठवतात, आणि खाली दुरुस्ती. 'फ्रिज मी बिघडवला नव्हता, तुझ्या बहिणीने दार उघडं टाकलं होतं.' 'मी घोरत नाही.' 'बॅग पुसली, कारण तुला धुळीने शिंका येतात.' — मी उलट मेलवर भांडते, ते उत्तर देतात. इतकं छान भांडण आमचं कधी झालं नव्हतं!

आज सकाळी शेवटची आली. ती... ती मी इथं राहायला आल्यावर टाकली होती. टाकली आणि लगेच पुसली, चहाला उकळी यायच्या आत. कुणी वाचली नसणार म्हणून मी निर्धास्त. पण मेल सुटलेला असतो हो, तो कुठला पुसला जायला! काय होतं तिच्यात? काही नाही. अहो, काही नाही — बॅग घेऊन मी दारात बराच वेळ उभी होते, 'थांब' एवढं म्हणाले असते तरी थांबले असते, असलं काहीतरी. म्हणजे हे त्यांना तेव्हापासून ठाऊक! तरी आले नाहीत. का, तर तिनंच पुसलं, मग आपण कशाला वाचल्याचं दाखवायचं — असलाच विचार केला असणार, मी ओळखते ना. आज खाली दुरुस्ती नाही. फक्त विचारलंय — 'ही ब्लॉगवर परत लावणार का?'

काय? नका हो खुणा करू. लावू म्हणता? सगळं गाव वाचेल! ... वाचेना का, जुगाराची जाहिरात वाचलीच की. पण परत नुसती बॅगच पुसून दिली तर? माझं वय आहे का आता दारात उभं राहायचं? ... थांबा. हात कोरडे करू द्या. हे असं... लावली. लावली हो ताई! आता तो मेल जाणार, मग ते चष्मा शोधणार, म्हणजे आज काही —

फोन. त्यांचाच आहे. ते कधी फोन करत नाहीत हो. — नळ तिकडे, टॉवेल खुंटीवर, तुमचं तुम्ही धुऊन घ्या. पैसे राहू देत. अहो, बघताय काय, जा ना आता!